नावाची ओळ

माझे बालपण परळच्या एका चाळीत गेले. आमच्या शेजारची खोली गावकीची होती. म्हणजे पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीचे वीस-बावीस चाकरमानी तिथे पाळीपाळीने राहत. पहिल्या पाळीचे उठून गेले की रात्रपाळीचे त्याच पथाऱ्यांवर आडवे व्हायचे. त्यांतले एक गृहस्थ गिरणीच्या साचेखात्यात होते आणि गावाकडचे नावाजलेले शाहीर होते. सारी चाळ त्यांना बुवा म्हणे. साचेखात्यात शेजाऱ्याचे बोलणे कानी पडत नाही इतका खडखडाट. बुवा त्या खडखडाटाच्याच ठेक्यावर कवने रचीत आणि पाळी सुटल्यावर वहीत उतरवीत.

१९७३ च्या सुमारास, मी दहा वर्षांचा असताना, बुवांनी मला दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचा पहिला सामना दाखवला. सोशल सर्व्हिस लीगने १९२२ साली कामकरी वस्तीसाठी उभारलेले हे नाट्यगृह म्हणजे गिरणगावातल्या कोकणी माणसाचे दुसरे गाव. (२०२३ साली पुनर्विकासासाठी ते बंद झाले, तेव्हा कितीतरी म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.) ज्यांनी सामना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन पक्ष असतात. कलगीवाले म्हणणार, शक्ती थोर. तुरेवाले म्हणणार, शिव थोर. पायात चाळ बांधलेली पोरे फेर धरून नाचतात, ढोलकी घुमते, आधी गण, मग गवळण, आणि मग रात्र चढू लागली की सवाल-जवाब. एका शाहिराने कोडे घालायचे, दुसऱ्याने ते तिथल्या तिथे, त्याच ठेक्यात, यमक न चुकवता सोडवायचे, आणि जाता जाता प्रतिपक्षाची टोपीही उडवायची. जिंकणाऱ्याला नारळ, आणि हरणाऱ्याला पुढले वर्षभर खोलीत टोमणे.

मला त्या रात्री एका गोष्टीचे नवल वाटले. प्रत्येक कवनाच्या शेवटच्या कडव्यात बुवा आपल्या गुरूचे, आपल्या वाडीचे आणि आपले नाव घालीत. परत येताना मी विचारले, "बुवा, शेवटी नाव कशाला घेता?"

बुवा म्हणाले, "तुझी आई भांड्यांवर नाव घालून घेते ना? कशाला? लग्नाकार्यात भांडी उसनी जातात. नाव असलं की फिरून घरी येतात. गाण्याचंही तेच. लोक नेतात, म्हणतात. खुशाल नेऊ देत! नाव असलं की गाणं घरी येतं."

हे मी पन्नास वर्षे विसरून गेलो होतो. यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या मार्चात बुवांचा फोन आला तेव्हा ते आठवायचे कारण घडले. बुवा आता पंचाहत्तरीला टेकले आहेत. म्हणाले, "नातू गाणी करतो. त्याला कुठल्याशा कंपनीचा कागद आलाय. एकोणीस पानं, सगळं इंग्रजी. तू बँकेत होतास. कागद वाचायला ये."

महाडची वीस तारीख

परळहून एस.टी. धरली. नातवाने निरोप धाडला होता की, "काका, वीस तारखेला येताय तर पोलादपूरला थेट जाऊ नका, महाडला उतरा. मी चवदार तळ्यावर असतो."

महाडात २० मार्चला पाऊल ठेवायला जागा नसते. १९२७ साली याच दिवशी डॉ. आंबेडकरांनी हजारो माणसांसह या तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले. जवळच्या दासगावचे रा. बा. मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ती परिषद घडवून आणली होती. आज त्या दिवसाचा मेळा भरतो. पुस्तकांचे ठेले, तसबिरींचे ठेले आणि जागोजाग गाणारी माणसे. या गाण्यांची एक गंमत आहे. ती कोणा कंपनीच्या बळावर पसरली नाहीत. जलशांनी आणि वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२ ते २००४) गावोगाव हिंडणाऱ्या कवींनी ती तोंडातोंडी नेली. कॅसेटवाले आले ते पुष्कळ नंतर, गाणी आधीच घराघरांत पोहोचलेली पाहून.

गर्दीतून एक काटकुळा तरुण पुढे आला. पायात कारखान्याचे जाड बूट, डोळे तांबारलेले. तो महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. रात्रपाळी करून सरळ तळ्यावर आला होता.

"मी इथं दरवर्षी येतो, काका. आधी नुसता ऐकायचो. गेल्या साली कोपऱ्यात उभा राहून एक रॅप म्हटला. शंभरेक माणसं जमली असतील."

"रॅप म्हणजे ते भरभर बोलणं ना?"

"भरभर नाही, काका. ठेक्यात. ठेका चुकला की संपलं."

मला एकदम बुवांचा साचा आठवला.

पोलादपूरची गाडी सावित्रीच्या पुलावरून जाते. २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री इथला जुना पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसह नदीत गेल्या; पुढच्या वर्षी नवा पूल उभा राहिला. तरीही पूल ओलांडेपर्यंत गाडीतली माणसे अजून गप्प होतात. पलीकडे डोंगर जवळ येऊ लागतात आणि पोलादपूर लागते. एका अंगाला महाबळेश्वरचा आंबेनळी घाट, दुसऱ्या अंगाला खेडकडे जाणारा कशेडी.

या गावाचे आणि गाणाऱ्या माणसांचे नाते जुने आहे. 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यात; त्यांच्यावरचा तुलसीदासाचा पोवाडा प्रसिद्धच आहे. आणि डोंगराच्या वर प्रतापगड. तिथल्या १६५९ च्या प्रसंगावर अज्ञानदास शाहिराने पोवाडा रचला. त्याला काय मिळाले, हे त्या पोवाड्यातच नोंदले आहे: एक घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा. पुढे १८९१ साली अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी असे जुने पोवाडे गोळा करून छापले. सव्वादोनशे वर्षे गोंधळ्यांच्या तोंडी फिरून आलेल्या त्या पोवाड्यात शाहिराचे नाव शाबूत होते, कारण ते कवनाच्या अंगातच विणलेले होते. एवढे सोने महाराष्ट्रातल्या किती शाहिरांना पुढे मिळाले, हा प्रश्न वेगळा.

एका बाजूस तीस मिनिटे

बुवा ओटीवर वाट पाहत होते. शरीर खंगले आहे आणि आवाज पार बसला आहे. मी खाली वाकलो तशी त्यांनी पाठीत धपका घातला. "बँकवाला झालास तरी एस.टी.नंच आलास ना?"

जेवणानंतर त्यांनी आपली हकीकत सांगितली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कित्येक पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. बुवाही गेले नाहीत. दीड वर्ष वाट पाहून ते गावी परतले, नाचणी-वरी करू लागले आणि सामने गाऊ लागले.

तेव्हा कॅसेटचा जमाना आला होता. ग्रामोफोनच्या तबकडीला मोठा कारखाना लागे. म्हणून कोणाचे गाणे निघावे हे मूठभर माणसे ठरवीत. कॅसेटचे तसे नव्हते. छोटा दुकानदारही दोन यंत्रे मांडून नकला काढू शके. यामुळे प्रल्हाद शिंद्यांसारखा आवाज चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला, हे कॅसेटचे उपकार; आणि कोणाचेही गाणे कोणीही विकू लागला, हा तिचा अपकार.

१९८८ साली एक कॅसेटवाला बुवांकडे आला. एक पानी कागद, त्यावर सही, रोख दीड हजार रुपये आणि पंचवीस कॅसेटी.

"दीड हजार म्हणजे तेव्हा मला डोंगर वाटला," बुवा म्हणाले. "एका दिवसात आठ कवनं गायलो. साठ मिनिटांची कॅसेट. एका बाजूस तीस मिनिटं, त्यावर एक मिनिट नाही. चौथं कवन लांबलं. तो मशीनवरचा पोरगा म्हणाला, बुवा, शेवटचं कडवं कापतो. मी म्हटलं, काप. मला काय ठाऊक!"

शेवटचे कडवे म्हणजे नावाचे. कॅसेट खूप चालली असे लोक सांगतात. पुढल्या आवृत्तीच्या वेष्टनावर बुवांचे नाव बारीक झाले, त्याच्या पुढल्या आवृत्तीवर ते उरलेच नाही. उरलेल्या कॅसेटी बुवांच्या लेकीकडे महाडच्या बाजारपेठेत एका ट्रंकेत होत्या. २२ जुलै २०२१ ला महाड पुरात बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीच्या वर माणसे गेली. तेव्हा ट्रंकेतल्या कॅसेटींचे दुःख कोणी कोणाला सांगावे? चिखलाबरोबर त्याही फेकल्या गेल्या. बुवांचा जुना, खणखणीत आवाज त्यांच्याच घरात उरला नाही.

नातवाचा धंदा

संध्याकाळी नातवाने मला माळ्यावर नेले. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, मधे एक मायक्रोफोन आणि मोबाइल. हा त्याचा स्टुडिओ. हसू नये, कुर्ल्याच्या नेझीने २०१४ साली 'आफत' हे गाणे वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर केले, तिथूनच मुंबईतल्या गल्लीच्या रॅपचा गाजावाजा सुरू झाला. पुढच्या वर्षी डिव्हाइन आणि नेझी यांचे 'मेरे गली में' आले, आणि २०१९ साली 'गली बॉय' चित्रपटाने ही गोष्ट आपल्यासारख्या घरांतही पोहोचवली. त्याच वर्षी 'स्वदेसी' या मुंबईच्या मेळाव्याने प्रकाश भोईर या आदिवासी कलावंताला बरोबर घेऊन आरेच्या जंगलावर 'वारली रिव्हॉल्ट' केले. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन लहानपणी कव्वाली गात होता. म्हणजे ही मुले वाटतात तितकी उपरी नाहीत. घरातल्या जुन्या ठेक्यावरच त्यांनी नवे कपडे चढवले आहेत.

नातवाच्या मोबाइलच्या पडद्यावर एका परदेशी तरुणाचे चित्र होते. मागून जिना चढून आलेल्या बुवांनी विचारले, "हा कुठला शाहीर?"

"ओलामिडे, आबा. नायजेरियातल्या लागोस शहरातला. आपल्या मुंबईसारखंच शहर, आणि हा तिथल्या गरीब वस्तीतला. इंग्रजी येत असून आपल्या योरुबा भाषेत म्हणतो."

मग त्याने आम्हां दोघा म्हाताऱ्यांना लागोसची कथा सांगितली. तिथे अलाबा नावाची विजेच्या सामानाची अवाढव्य बाजारपेठ आहे. गाण्याचा व्यापारही तिथूनच चाले. गायकाने पदरचे पैसे घालून गाणे तयार करायचे, अलाबाच्या व्यापाऱ्याने एकरकमी पैसे देऊन ते उचलायचे आणि तबकड्या काढायच्या. त्यांच्या चोरट्या नकला शेजारच्याच दुकानात. गायकाला पुढे मिळायचे ते कार्यक्रमांतून. ओलामिडेचा पहिला संग्रह २०११ साली दुसऱ्याच्या संस्थेकडून निघाला. लगेच पुढच्या वर्षी त्याने स्वतःची संस्था काढली, इतर नव्या पोरांना तिच्यात घेतले, आणि २०२० साली एका अमेरिकन कंपनीशी करार केला तोही आपली संस्था हातात ठेवून.

बुवा म्हणाले, "म्हणजे आपल्या कॅसेटवाल्यासारखेच तिथेही होते म्हणायचे. पण पोरगा हुशार. दुकान दुसऱ्याचं, गोठा आपला!"

आपल्याकडेही उदाहरण आहे. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडने स्वतः लिहून स्वतः गायलेले 'गुलाबी साडी' २०२४ साली आले आणि स्पॉटिफायवर दहा कोटी वेळा ऐकले गेलेले पहिले मराठी गाणे ठरले. पण एका राठोडामागे किती हजार पोरे माळ्यावर गोधड्या टांगून बसली असतील!

या मुलांची कमाई कशी होते, हे मला समजून घ्यायचे होते. नातवाने सांगितले ते असे. गाणे पुरे झाले की एका वितरकाकडे द्यायचे; कोणी वर्षाची फी घेतो, कोणी मिळकतीतला वाटा. तो ते जगभरच्या सगळ्या दुकानांत मांडतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरांकांचा एक सांकेतिक क्रमांक मिळतो. गाणे कुठेही वाजले तरी हिशेब त्या क्रमांकावर जमतो. मात्र एकदा ऐकले की अमुक पैसे, असा ठरलेला दर नाही. वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एका मोठ्या हंड्यात पडतात. दुकानदाराचा वाटा निघाला की उरलेले, महिन्याभरात कोणाचे गाणे किती वाजले त्या प्रमाणात वाटले जातात. ज्याची गाणी कोटींनी वाजतात त्याला घागर. पोलादपूरच्या पोराला आचमनापुरते. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायचा तर आधी एक हजार वर्गणीदार आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे पाहणे भरावे लागते. नातवाने तो उंबरठा दीड वर्षात ओलांडला होता.

"मग आता अडलं कुठं?"

तो बुवांकडे पाहून गप्प झाला. बुवाच म्हणाले, "सांग त्याला. चोरी झाली ती सांग."

चोर कोण?

२०२३ साली नातवाला कोणा अनोळखी माणसाच्या चॅनेलवर एक जुने गाणे सापडले. 'जुने कोकणी गीत' एवढेच लिहिलेले. त्याने ते बुवांना ऐकवले. बुवांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हा माझा आवाज आहे." १९८८ च्या कॅसेटमधले ते चौथे कवन होते, नावाचे कडवे कापलेले.

नातवाने हौसेने त्या आवाजाखाली नवा ठेका घातला, मधे स्वतःचे चार बोल म्हटले आणि गाणे आपल्या चॅनेलवर चढवले. काही तासांतच सूचना आली: या ध्वनिमुद्रणावर दुसऱ्याचा हक्क आहे, याची मिळकत त्याला जाईल. यंत्र गाण्याचा ठसा ताडून पाहते. त्याला आजा-नातू कळत नाही. कॅसेटवाल्याचा जुना माल विकत-विकत तिसऱ्याच्या हाती गेला होता, आणि कागदोपत्री बुवांचा आवाज त्याच्या मालकीचा होता.

"माझाच आवाज, माझ्याच नातवानं घेतला, आणि चोर तो!" बुवा म्हणाले.

मीही रागावलो होतो. पण नातवाने आणखी एक सूचना दाखवली. तिच्यात ध्वनिमुद्रणाबद्दल काही नव्हते, चालीबद्दल होते. ती चाल एका जुन्या हिंदी चित्रपटगीताची होती, आणि त्या गीताचे मालकही दारात उभे होते.

ओटीवर बराच वेळ कोणी बोलले नाही. शक्ती-तुऱ्यात लोकांच्या ओठांवरच्या सिनेमाच्या चाली घेऊन त्यांवर कवन बसवण्याचा प्रघात सर्रास आहे. त्यात कोणाला गैर वाटत नाही. शेवटी बुवा म्हणाले, "चाल मी उचललेलीच होती. तेव्हा लोक टाळ्या वाजवायचे. त्या चालीवाल्यानं आपलं नाव कुठं घातलं होतं, हे मी विचारलं नव्हतं."

मला ही कबुली फार मोठी वाटली. आपल्या भांड्यावरचे नाव कोणी खरवडले म्हणून आपण कळवळतो; पण आपल्या फडताळात दुसऱ्यांची किती भांडी आहेत, हे कोण उघडून पाहतो?

एकोणीस पाने

आता तो कागद. एका संगीत कंपनीला नातवाची दोन गाणी आवडली होती. साठ हजार रुपये एकरकमी. ही रक्कम त्याच्या पाच महिन्यांच्या पगाराएवढी. मी चष्मा लावून वाचू लागलो. मोबदल्यात कंपनीला हवे होते: त्याची आजवरची सारी गाणी, पुढल्या तीन वर्षांतली सारी गाणी, सर्व माध्यमांत, सर्व जगात, कायमचे.

बँकेत पस्तीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. कागदात काय नाही ते एकदा पाहावे, आणि काय आहे ते दोनदा. आपला कॉपीराइटचा कायदा कलावंताला वाटतो तितका परका नाही. हक्क सोपवायचे तर ते लेखी, सहीनिशीच सोपवता येतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. पण ही मेहेरबानी कागद मुका असेल तेव्हाची. जिथे कागदच 'कायमचे' आणि 'सर्व जगात' असे बोलतो, तिथे कायदा तुमच्या वतीने बोलत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने मात्र एक भक्कम गोष्ट केली: ध्वनिमुद्रणातल्या गीताचा आणि चालीचा जो कर्ता, त्याचा मानधनातला वाटा त्याला स्वतःलाही कंपनीला देऊन टाकता येत नाही. तो वाटा गोळा करणारी कवी-संगीतकारांची संस्था, आय.पी.आर.एस., १९६९ पासून आहे. पण तिच्याकडे नाव नोंदवलेच नाही तर मनीऑर्डर यायची कोणाच्या पत्त्यावर? आणि कवनावरचा हक्क कर्त्याच्या हयातीनंतरही साठ वर्षे चालतो. म्हणजे बुवांच्या वहीतली कवने पणतूच्या म्हातारपणापर्यंत या घराची आहेत.

मी हे सारे सांगत असताना नातवाची आई चुलीपाशी होती. ती बाहेर आली. तिने जे म्हटले ते मी विसरणार नाही.

"भाऊजी, तुम्ही शिकलेले. पण मेमध्ये कौलं उतरवून पत्रे घालायचेत. दोन पावसाळे ताडपत्रीवर काढले आम्ही. साठ हजार घरात येतात तर येऊ देत. नाव काय छपरावर घालायचंय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दुसऱ्याच्या गळक्या छपराखाली बसून तत्त्वे सांगू नयेत, एवढे मला कळत होते. बुवाही खाली पाहत होते. १९८८ चे दीड हजार याच घराच्या भिंतींत गेले होते.

नातू म्हणाला, "आये, आबांनी तेव्हा एका पानावर सही केली, ती आज माझ्या चॅनेलवर उगवली. मी एकोणीस पानांवर केली तर माझ्या पोराला काय उगवेल?"

रात्री आम्ही उत्तर लिहिले. सारी गाणी नाहीत, एकच. कायमचे नाही, पाच वर्षे. आणि जिथे गाणे दिसेल तिथे लिहिणाऱ्याचे नाव दिसले पाहिजे. नातवाने ते फोनवरून धाडले आणि तो कारखान्याची गाडी पकडायला गेला.

काठावर

दुसऱ्या दिवशी वाडीत सत्यनारायणाची पूजा होती आणि रात्री सामना. कितीतरी वर्षांनी ढोलकी इतक्या जवळून ऐकली. मधल्या वेळात नातवाने बुवांना माळ्यावर बसवून त्यांच्या वहीतले एक कवन ध्वनिमुद्रित करायचे ठरवले. ज्याचे शब्द बुवांचे आणि चाल परंपरेने आलेली, कोणा एकाची नव्हे, असे कवन शोधायला त्यांना दोन वह्या चाळाव्या लागल्या.

बुवांचा आवाज घोगरा, मधेच तुटणारा. त्यांनी कवन म्हटले आणि शेवटच्या कडव्यात गुरूचे, वाडीचे, आपले नाव घेतले. मग नातू चाचरत म्हणाला, "आबा, रागावू नका. फोनवर लोक गाणं तीस सेकंद ऐकतात. शेवट कोणी गाठत नाही. म्हणून आम्ही रॅपवाले नाव आधीच घेतो. ते ओलामिडेचे लोकही तोंडालाच नाव घेतात."

मला वाटले, म्हातारा आता भडकणार. पन्नास वर्षांचा नेम! बुवांनी थोडा विचार केला.

"मग असं कर," ते म्हणाले. "भांड्याच्या बुडाला नाव घातलं तर पालथं केल्याशिवाय दिसत नाही. काठावर घाल."

आणि त्यांनी कवनाची सुरुवात पुन्हा म्हटली. या वेळी आधी गुरूचे नाव, मग वाडीचे, मग त्यांचे. त्यामागोमाग नातवाचे.

कंपनीचे उत्तर ऑगस्टमध्ये आले. एक गाणे, पाच वर्षे, नावासह. पण साठाचे दहा हजार झाले. नातवाने ते घेतले. निम्म्या घरावर पत्रे चढले. उरलेल्या निम्म्यावर यंदाही ताडपत्रीच होती आणि पाऊसही काही कमी झाला नाही. आईचा राग अजून पुरता गेलेला नाही, आणि तो चुकीचा आहे असे म्हणायची माझी छाती नाही. बुवांचे गाणे गणपतीत चढवले. त्यावर अजून कोणाचा दावा आलेला नाही. ऐकणारे फार नाहीत. बहुतेक मुंबईतले वाडीचेच चाकरमानी आहेत.

परवा बुवांचा फोन आला. मी विचारले, "गाण्याचं काय चाललंय?"

"डोंबिवलीच्या कुणा पोरानं उचलून आपल्या चॅनेलवर टाकलंय म्हणे," बुवा म्हणाले. "नातू चिडलाय. मी विचारलं, नाव कापलंय का? म्हणाला, नाही आबा, तोंडालाच आहे, कापता येत नाही. म्हटलं, मग असू दे. येईल घरी."